हेमकुंडाची एका दिवसाची चाल: बेळगावातनं निघणाऱ्यांसाठी

चाल एकाच दिवसाची आहे पण रजा चौदा दिवसांची टाका, असं सांगितलं की समोरचा हसतो, मग मी त्याला बोटांवर मोजून दाखवतो. संध्याकाळी बेळगावात गोवा एक्सप्रेस धरली की दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत, तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत निजामुद्दीन. तिथनं हरिद्वार नाहीतर ऋषिकेश गाठून मुक्काम. चौथ्या दिवशी पहाटे निघून अंधार पडायच्या आत जोशीमठ. पाचव्या दिवशी गोविंदघाट, पुलना आणि तिथनं चालत घांघरिया. सहावा दिवस हवेची सवय व्हायला, सातव्या दिवशी हेमकुंड. मग तेवढंच सगळं उलटं केलं की बारावा दिवस उजाडतो, आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला तर म्हणून दोन दिवस हातात ठेवायचे. झाले की नाही चौदा? आणि कुणी म्हणालं सहावा दिवस वाया जातोय, तो काढून टाकूया, तर त्याला घरी ठेवून जा. का ते पुढं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेमकुंड हे उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात ४,३०० मीटरच्या वर असलेलं बर्फाच्या पाण्याचं तळं. काठावर शिखांचा गुरुद्वारा आहे, गुरू गोविंदसिंगांनी मागच्या जन्मी इथं तप केलं अशी श्रद्धा आहे. बाजूलाच लक्ष्मणाचं लहान देऊळ आहे, तिकडचे जुने लोक या जागेला लोकपाल म्हणतात. वर्षातले सात-आठ महिने सगळं बर्फाखाली असतंय, मे महिन्याच्या शेवटाला दार उघडतंय आणि १० ऑक्टोबरच्या आसपास बंद होतंय. वर मुक्काम करायला परवानगी नाही, म्हणजे घांघरियातनं निघायचं, चढायचं आणि त्याच दिवशी परत घांघरियात यायचं, दुसरा पर्यायच नाही. वाट सहा किलोमीटर. सहाच ना, असं म्हणू नका, त्या सहा किलोमीटरात चढ साधारण १,२५० मीटरचा आहे. आंबोली समुद्रापासून ७०० मीटरच्या जवळपास उंच आहे, आता समुद्रावरनं आंबोलीपर्यंतची उंची जवळजवळ दोनदा चढायची असं धरा, तीही सहा किलोमीटरात आणि तीही पातळ हवेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडच्या डोंगरात शिकलेलं अर्धं तिकडं उपयोगी पडतंय आणि अर्धं अंगाशी येतंय, आणि कुठलं अर्धं कुठलं हे घरात बसून ठरवून जायचं, वाटेत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे ठरवलं नव्हतं. चौघं होतो, चोर्ला, जांबोटी, कणकुंबीकडचं रान तुडवलेले, पावसात भिजायची सवय असलेले, पारगड-कलानंदीगड वर्षातनं दोन-तीनदा करणारे. सहावा दिवस आम्ही वाचवला, पाचव्या दिवशी संध्याकाळी घांघरिया आणि सहाव्या दिवशी सकाळी थेट चढाई. आमच्यातला खानापूरचा एक, सगळ्यात तयारीचा, पहिले दोन किलोमीटर पळत सुटल्यासारखा गेला. चौथ्या किलोमीटरला गाठला तर दगडावर डोकं धरून बसलेला, सकाळचा चहा उलटून पडलेला, आणि तोंडानं म्हणतोय काय नाही रे, पित्त झालंय. पित्त काय झालं नव्हतं. तिथनं सगळे मागं फिरलो, हेमकुंड त्या वर्षी राहिलं. आणि त्याच वाटेवर आम्हाला मागं टाकून उचगावच्या एक मावशी गेल्या, वय अठ्ठावन्न, दरवर्षी पंढरीला दिंडीतनं चालत जाणाऱ्या, पायात साधे बूट, हातात काठी, तोंडात नाव. त्या कुठंही थांबलेल्या मी बघितल्या नाहीत आणि कुठंही घाई केलेली पण बघितली नाही. संध्याकाळी घांघरियात भेटल्या तर म्हणाल्या, "दमायचं कशाला रे बाळा, दिंडी काय पळत्यात काय?" दुसऱ्या खेपेला आमचं सगळं नियोजन या एका वाक्यावर उभं होतं.

तर आधी हवा. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे. घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास. हेमकुंडावर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानं साधारण साठ टक्के उरतो, म्हणजे एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो तो पण तेवढाच कमी. शरीर हे सांभाळून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतोय, आणि तो वेळ तुम्ही किती तयारीचे आहात यावर ठरत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा माणूस सुद्धा आजारी पडतो, उलट तोच जास्त पडतो कारण पायात दम असल्यामुळं तो हवेच्या पुढं निघून जातो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधा नियम आहे. हेमकुंडाला तुम्ही वर झोपत नाही, परत घांघरियात येता, हा आपल्या बाजूचा मुद्दा. पण घांघरियातच एकदम येऊन पडलात तर तिथली पहिली रात्रच जड जाते, म्हणून जोशीमठला एक रात्र (ते १,९०० मीटरच्या आसपास आहे), मग घांघरिया, आणि मग मधला दिवस.

हा मधला दिवस म्हणजे काय खोलीत पडून राहायचं नाही. घांघरियातनंच फुलांच्या दरीची वाट फुटते, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, तीच जी २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. जूनपासून ऑक्टोबरअखेर उघडी असते, तिकीट काढून आत जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. वाट साडेतीन हजार मीटरच्या आसपास जाते. म्हणजे दिवसा थोडं वर जाऊन यायचं आणि रात्री खाली झोपायचं, शरीराला हवा दाखवून आणायची. आत १९३९ साली फुलं गोळा करताना घसरून गेलेल्या जोन मार्गारेट लेग या इंग्रज बाईंची कबर आहे, तिथपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. त्या दिवशी पायावर जोर काढू नका, जिथं धाप लागेल तिथं बसा, फोटो काढा. रात्री झोप कशी लागली, भूक आहे का, डोकं दुखतंय का हे एकमेकांना विचारा, आणि उत्तर खरं द्या. आपल्याकडं "काय नाही, बरं आहे की" ही सवय लई वाईट आहे.

डोकं दुखणं आणि त्याबरोबर मळमळ, चक्कर, अंगात त्राण नसणं यातलं काहीही असेल तर तो उंचीचा त्रास आहे असंच धरून चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. हलकं असेल तर तिथंच थांबायचं, पाणी प्यायचं, वर जायचं नाही. कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर खाली. आणि दोन गोष्टी दिसल्या तर एक मिनिट पण वाट बघायची नाही: बसल्या जागी धाप लागते, खोकला येतोय, ओठ निळसर दिसतात, हे फुप्फुसात पाणी होत असल्याचं लक्षण, आणि माणूस बरळतोय, सरळ रेषेत पावलापुढं पाऊल ठेवून चालता येत नाही, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातोय, हे मेंदूला सूज येत असल्याचं. अशा माणसाला एकट्याला खाली पाठवायचं नाही, सोबत जायचं, खच्चर किंवा कंडीवाला (पाठीवरच्या टोपलीत माणूस वाहून नेणारा) मिळाला तर त्याच्यावर बसवायचं, खाली घांघरियात दवाखाना आहे, फोन लागला तर ११२. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तर घ्या, पण त्याच्या आकड्यानं घाबरू नका, वर ८०-८५ दिसणं नेहमीचं आहे, आकड्यापेक्षा माणसाकडं बघा. डायमॉक्स नावाची गोळी बरेच जण घेतात, ती घ्यायची की नाही हे बेळगावातच आपल्या डॉक्टरला विचारून ठरवायचं, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर, आणि गोळी घेतली म्हणून मधला दिवस कापायचा नाही. हार्टचा, बीपीचा, दम्याचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिझर्वेशनच करू नका.

आता पाय. राजहंसगडावर रविवारी जाऊन येणं ही तयारी नव्हे, ती हौस. देवरवाडीच्या वैजनाथाकडनं महिपाळगडावर चढून जाणं त्याहून बरं, पण आपल्या बाजूला सलग सव्वा हजार मीटर चढायला मिळेल असा डोंगरच नाही, हे आधी मान्य करा. म्हणून पायऱ्या. चार मजल्यांची बिल्डिंग म्हणजे साधारण बारा मीटर, हेमकुंडाएवढा चढ करायचा तर शंभर खेपा. एकदम शंभर कोण मारतंय, आम्ही अपार्टमेंटमध्ये दहापासून सुरू केलं, वॉचमनला वाटलं लिफ्ट बंद पडली. आठवड्यातनं तीन दिवस, दर आठवड्याला पाच-सहा खेपा वाढवत, दोन-अडीच महिन्यांत पन्नासपर्यंत आलो, पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन. उतरताना पण लिफ्ट घ्यायची नाही, कारण हेमकुंडाला गुडघे जातात ते उतरताना. बाकीच्या दिवशी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी तासभर भराभर चालणं, आणि पंधरा दिवसांतनं एकदा सहा-सात तास सलग पायावर राहायचं, कुठंही, कलानंदीगड करा नाहीतर शेताच्या बांधावरनं फिरा. नवे बूट असतील तर ते याच दिवसांत घालून मोडून घ्या. गाडीत बसायच्या आदल्या दिवशी खडेबाजारात बूट घेणारे मी बघितलेत, घांघरियात त्यांच्या टाचा पण बघितल्यात.

चालीचा वेग मात्र शिकून जायची गोष्ट आहे. बोलत बोलत चढता आलं पाहिजे, वाक्य अर्धवट तुटायला लागलं की वेग जास्त झाला. पहिला अर्धा तास तर असं वाटलं पाहिजे की आपण मुद्दाम रेंगाळतोय. दहा मिनिटं सुसाट आणि पाच मिनिटं धापा टाकत बसणं, ही गडावरची आपली पद्धत तिकडं सोडून द्या, कारण दर वेळी बसलं की अंग गार पडतंय आणि परत तापवायला ताकद जाते. मावशींची दिंडी आठवा. ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढं ठेवायचा, त्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग, ज्याला जमत नाही त्यानं वेगळं यावं.

कधी जायचं यावर आमच्यात दर वेळी भांडण होतंय. मे अखेर-जूनला दार उघडल्या उघडल्या जाता येतंय, पण त्या वेळी वरच्या भागात, अटलाकोटीजवळ, बर्फ कापून केलेल्या वाटेवरनं जावं लागतं, ते सगळ्यांचं काम नव्हे. जुलै-ऑगस्टला फुलं भरात असतात, हेमकुंडाच्या आसपास ब्रह्मकमळं फुललेली असतात, पण पाऊस. पावसाला आपण घाबरत नाही हे खरं, निसरड्या दगडावर पाय कसा टाकायचा, ओल्या कपड्यात दिवस कसा काढायचा हे जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला शिकवायला नको, हे ते उपयोगी पडणारं अर्धं. पण तिकडच्या पावसात रस्ते जातात. श्रीनगर ते रुद्रप्रयागच्या मधला सिरोबगडचा पट्टा दरडीसाठी नावाजलेलाच आहे, आणि जून २०१३ च्या पुरात याच वाटेवरचं भ्यूंडार गाव वाहून गेलं, गोविंदघाटाचं पण मोठं नुकसान झालं. म्हणून माझं मत सप्टेंबर. गणपती उठले, नवरात्र अजून बसायचं आहे, त्या मधल्या दिवसात पाऊस ओसरतो, आकाश उघडतंय, गर्दी कमी होते. फुलं थोडी उरलेली असतात, सगळी मिळत नाहीत. ज्याला ब्रह्मकमळच बघायचं आहे त्यानं ऑगस्टात जावं आणि हातात दोनाऐवजी तीन-चार दिवस जास्त ठेवावेत.

कागदपत्रं आणि बुकिंग पटकन सांगतो. उत्तराखंड पर्यटन खात्याच्या चारधाम नोंदणीच्या पोर्टलवरच हेमकुंडाची पण नोंदणी होते, ती घरातनं करून प्रिंट काढून ठेवा, मोबाईलच्या भरवशावर राहू नका. आधार कार्ड मूळ. रेल्वेचं रिझर्वेशन उघडल्या दिवशीच. घांघरियात गुरुद्वारात राहायची सोय होते, गढवाल मंडळाचं गेस्ट हाऊस आहे, लहान हॉटेलं पण आहेत. ऋषिकेशहून बस पहाटे सुटतात, रात्री डोंगरातल्या रस्त्यावर वाहतूक सोडत नाहीत, त्यामुळं पहाटेची चुकली तर दिवस गेला असं धरा. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, विष्णुप्रयाग असे पाचही प्रयाग लागतात, घरात आई-आजी असेल तर त्यांना देवप्रयागचा फोटो पाठवा, बाकी चौदा दिवस काही बोलणार नाहीत. गोविंदघाट ते पुलना चार किलोमीटर जीप जाते, तिथनं घांघरिया साधारण दहा किलोमीटर चालत, लक्ष्मणगंगेच्या काठानं. रोख पैसे भरपूर ठेवा, घांघरियात यूपीआय चाललं तर चाललं. नेटवर्क तसंच, घरात आधीच सांगून ठेवा की तीन दिवस फोन लागला नाही तर पोलीस स्टेशनला जायचं नाही.

सॅकमध्ये काय न्यायचं याच्या याद्या सगळीकडं मिळतात, मी फक्त आपली माणसं जिथं चुकतात ते सांगतो. सुती बनियन आणि जीन्स. घामानं भिजलेलं सुती कापड वर वाऱ्यात अंगाला बर्फासारखं चिकटतंय, आपल्याकडं ते वाळून जातंय म्हणून कळत नाही. उंची हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे घांघरियात तुम्ही स्वेटरवर फिरताय तेव्हा वर आठेक अंश कमी असतात, त्यात वारा. आत पॉलिएस्टरचा टीशर्ट, त्यावर लोकरीचा नाहीतर फ्लीसचा थर, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट. रेनकोट पूर्ण हवा, छत्री वाऱ्यात उलटते, आणि पोंचो घेणार असाल तर मागनं सॅक झाकेल असा, आपल्याकडं भात लावणाऱ्या बायका इरलं घेतात ते सगळं झाकतंय की नाही, तसं. सगळे कपडे आधी प्लास्टिक पिशवीत आणि मग सॅकमध्ये. मोज्यांचे दोन जोड जादा, कारण गुरुद्वारात बूट काढून आत जायचं असतंय आणि फरशी गार असते. डोकं झाकायला रुमाल, तो तसाही लागतोच. कानटोपी, हातमोजे, काठी, टॉर्च. काठी पुलन्यात मिळते, ती उतरताना गुडघ्याला पोरासारखी सांभाळते.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. बिस्किटं आणि चॉकलेटं कशाला नेताय, गोकाकचा करदंट न्या की. डिंक, गूळ, सुकामेवा, एक तुकडा खिशात टाकला की अर्धा तास चालता येतंय आणि चौदा दिवस टिकतोय. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी रेल्वेत पण चालते, वाटेत पण चालते. कुंदा नेऊ नका. दुधाचा आहे, दिल्लीच्या उकाड्यात त्याचं काय होतंय ते आम्हाला भोपाळच्या पुढं कळलं, आणि डब्यातल्या लोकांना पण कळलं. वर गेल्यावर भूक मरते, तरी दर तासाला थोडं थोडं खायचंच. पाणी दोन लिटर धरा, सकाळी निघताना दोन ग्लास पिऊनच निघा. वाटेत चहाच्या टपऱ्या लागतात, वर लंगरात गरम चहा आणि खिचडी मिळते, त्या खिचडीसारखी खिचडी मी अजून कुठं खाल्लेली नाही, पण ती मिळेलच असं धरून डबा रिकामा नेऊ नका. आणि दारू-सिगरेट खाली ठेवून या, देवाचं ठिकाण आहे हे तर आहेच, शिवाय हवेच्या त्रासात ती तेल ओतते.

आता चालीचा दिवस. हा उलटा मोजायचा. दुपारी दोनच्या सुमाराला वरनं सगळ्यांना खाली काढायला लागतात, पण ती त्यांची शेवटची वेळ आहे, आपली नव्हे. दुपारनंतर ढग चढतात, पाऊस येतो, ओल्या फरसबंदीवरनं थकलेल्या पायांनी उतरणं हा सगळ्यात वाईट भाग. म्हणून आम्ही ठरवलं की तीनच्या आत घांघरियात चहा प्यायला बसलेलं पाहिजे. उतरायला तीन तास, म्हणजे बाराला वरनं निघायचं. वर एक तास, म्हणजे अकराला पोचायचं. चढायला दिंडीच्या चालीनं साडेपाच ते सहा तास, म्हणजे निघायचं पहाटे पाचला, टॉर्च लावून. मग एक वेळ अशी ठरवायची की त्या वेळी जिथं असाल तिथनं मागं फिरायचं, आमची बारा. वर शंभर पायऱ्या उरल्या असतील, गुरुद्वाराचं निशाण दिसत असेल, तरी बारा म्हणजे बारा. ही वेळ आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून ठरवायची आणि जो घड्याळ बघणार तो ग्रुपमधला सगळ्यात हट्टी नसलेला माणूस असावा. सकाळी निघताना डोकं दुखत असेल तर तो माणूस निघतच नाही, त्याच्यासोबत एक जण राहतो, हे पण आदल्या रात्रीच ठरवा, कारण पहाटे पाचला बुटांच्या नाड्या बांधलेल्या माणसाला समजावणं अवघड.

घांघरियातनं थोडं पुढं गेलं की वाट दोन होते, डावीकडं फुलांची दरी, उजवीकडं हेमकुंड. तिथनं चढ सुरू झाला की तो थांबत नाही, नागमोडी, दगड बसवलेली रुंद वाट. वाट चुकायची भीती नाही, भीती खच्चरांची. ती वरनं येताना दिसली की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, त्यांच्या पाठीवरची ओझी धक्का देतात. पहिले दोन-तीन किलोमीटर झाडं आहेत, मग भोजपत्राची झाडं विरळ होत जातात आणि मग झाडंच संपतात, तिथनं ऊन आणि वारा दोन्ही थेट अंगावर. शेवटाला दोन वाटा होतात, एक हजाराच्या वर पायऱ्यांची, सरळ आणि उभी, दुसरी खच्चरांची, लांबची पण कमी उभी. माझं ऐका, चढताना लांबचीच धरा. पायऱ्यांवर लोक वीस पायऱ्या चढतात आणि रेलिंगला लटकतात, आणि डोकं दुखायला लागतं ते इथंच. ताकद उरली असेल तर उतरताना पायऱ्या घ्या, तेही दगड कोरडे असतील तरच.

वर पोचलात की आधी कोरडं घाला, मग फोटो. ढग नसतील तर तळ्यात समोरचे डोंगर उलटे दिसतात, असतील तर समोरचा गुरुद्वारा पण दिसत नाही, दोन्ही बघितलंय. बरेच जण तळ्यात बुडी मारतात. श्रद्धा असेल तर मारा, पण अंग आधीच कुडकुडत असेल तर नको, पाय बुडवून, तोंडावर पाणी मारून घ्या, देव समजून घेतो. बुडी मारायचीच तर टॉवेल आणि कोरडे कपडे काठावर उघडून ठेवून मगच, आणि लगेच लंगरात जाऊन चहा. ब्रह्मकमळ दिसलं तर तोडू नका, आजीला दाखवायला फोटो चालतो. बिस्किटाचं रॅपर सुद्धा खिशात घालून खाली आणा, तिथं वर्षातनं जेमतेम चार-साडेचार महिनेच माणूस असतोय, टाकलेलं बर्फाखाली तसंच राहतंय.

जाता जाता एक, गोविंदघाट ते हेमकुंड १२.४ किलोमीटरचा रोपवे करायला मार्च २०२५ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली आहे. झाला की म्हाताऱ्या माणसांची लई सोय होईल यात शंका नाही. पण गोविंदघाट अठराशे मीटरवर आहे, तिथनं थोड्या वेळात ४,३०० वर जाऊन उतरणाऱ्याला हवेचा त्रास पायी जाणाऱ्यापेक्षा जास्त होणार, त्यामुळं पुढंमागं आई-वडिलांना रोपवेनं न्यायचं झालं तरी जोशीमठच्या दोन रात्री त्यांच्यासाठी धरा, आणि वर तासाभराच्या वर थांबवू नका.

उतरताना पावलं लहान, गुडघा किंचित वाकवून, काठी आधी आणि पाय मागनं. टाचेवर धपाधप उतरलात तर दुसऱ्या दिवशी पुलन्यापर्यंतचे दहा किलोमीटर रडवतात. दर तासाला बूट काढून मोज्यातली घडी सरळ करा, फोड यायला ती एक घडी पुरते. घांघरियात पोचलात की आधी माणसं मोजा, मग बादलीभर गरम पाणी सांगा, ते पैसे देऊन मिळतं आणि यायला वेळ लागतो, म्हणून बूट काढायच्या आधीच सांगून ठेवायचं. रात्री डाळ-भात पोटभर खा आणि परत एकदा एकमेकांना विचारा, डोकं कसं आहे, खोकला कुणाला आहे का. त्रास काही वेळा खाली आल्यावर पण रात्री चढतो, कुणाला बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. आमच्या दुसऱ्या खेपेला कुणाला काही झालं नव्हतं, खानापूरचा तो गडी नऊ वाजताच घोरत होता, आणि मावशींनी वर्षभरापूर्वी सांगितलेल्या भावाच्या हिशोबानं मी सकाळच्या जीपचे पैसे धरून आलो होतो, भाव अर्थातच वाढले होते.